सकाळी गोठलेलं तेल: मिश्र प्लॅस्टिकपासून द्रव इंधन करतानाचं एक प्रकरण

"साहेब, व्हॉल्व्ह पूर्ण उघडलाय, पण थेंब पडत नाही."

पहिल्या बॅचनंतर दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेटरने दिलेली ही बातमी. आदल्या संध्याकाळी याच टाकीत आम्ही सगळ्यांनी पिवळसर, गरम, छान वाहतं तेल पडताना पाहिलं होतं. एकाने फोटोसुद्धा काढले होते. रात्रभरात ते गोठलं. झाकण काढून बोट दाबलं तर मऊ, पिवळं मेण. ते खरवडून बाजूला केलं तेव्हा तळाशी वाटीभर पाणी निघालं आणि त्यात बुडवलेला लिटमस कागद बुडवताक्षणी लाल झाला.

पुढच्या दहा बॅचेसमध्ये जे काही शिकायचं होतं, त्यातलं बरंचसं त्या टाकीत आमच्यासमोर पडलं होतं. ते वाचायला आम्हाला तीन बॅचेस जास्त लागल्या, कारण सगळ्यांचं लक्ष उत्प्रेरकावर, म्हणजे तोडमोड सोपी करणाऱ्या पदार्थावर, होतं.

मांडणी साधी होती: प्लॅस्टिक हवेशिवाय तापवायचं, त्याच्या लांब साखळ्या तुटून वाफ होते, ती थंड केली की तेल. २५० लिटरचं स्टेनलेस स्टीलचं भांडं, बाहेरून विजेचे हीटर, आत सावकाश फिरणारा ढवळा, वर वाफेचा पाइप, वाफेचा द्रव करणारा थंड पाण्याचा एक उभा कंडेन्सर, खाली तेलाची टाकी आणि उरलेला वायू स्क्रबरमधून (वायू धुणाऱ्या टाकीतून) बर्नरकडे. एका बॅचला ३० किलो माल. सुरू करण्याआधी नायट्रोजन सोडून आतली हवा बाहेर काढायची, कारण ४०० अंशांच्या वरच्या हायड्रोकार्बन वाफेत ऑक्सिजन नको. उद्दिष्टही माफक होतं: औद्योगिक बर्नरमध्ये जळेल असं वाहतं इंधन. डिझेल करून गाड्या चालवायचं स्वप्न कोणी बोलून दाखवलं नाही, पण सगळ्यांच्या डोक्यात ते होतंच.

त्याआधी काचेच्या छोट्या भांड्यात २०० ग्रॅमचे प्रयोग उत्तम झाले होते. त्यात घातले होते पॉलिइथिलीनचे स्वच्छ, कोरे दाणे, आणि गफलत इथेच झाली. कोऱ्या दाण्यांवर जमलेली कृती आम्ही कचऱ्यावर चालवायला घेतली.

उत्प्रेरक भांड्यातच टाकला

उत्प्रेरक म्हणून निवडला होता झेडएसएम-५. हा कृत्रिम झिओलाइट, म्हणजे सूक्ष्म भोकांचा खनिजासारखा पदार्थ; मोबिल या तेल कंपनीच्या रॉबर्ट अर्गॉअर आणि जॉर्ज लँडॉल्ट यांच्या नावावर त्याचं १९७२चं पेटंट आहे. त्याच कंपनीतल्या चार्ल्स प्लँक आणि एडवर्ड रोझिन्स्की यांनी त्याच्या आधीच, १९६०च्या दशकात, कच्च्या तेलाचे जड अंश तोडायला झिओलाइट वापरात आणले होते आणि रिफायनरीचा धंदाच बदलून टाकला होता. तेव्हा लांब साखळी तोडणं हे झिओलाइटचं घरचं काम, असं आम्ही धरून चाललो. ३० किलो प्लॅस्टिकमध्ये दीड किलो पांढरी भुकटी मिसळली आणि हीटर चालू केले.

झिओलाइटचं काम चालतं त्याच्या भोकांत. ॲल्युमिनियम आणि सिलिकॉनच्या जाळ्यात नियमित आकाराची भोकं असतात आणि त्यांच्या भिंतींवर आम्लाच्या जागा. झेडएसएम-५ची भोकं साधारण साडेपाच अँगस्ट्रॉमची, म्हणजे मीटरच्या अब्जाव्या भागाच्या निम्म्याहून जरा जास्त. बेंझिनसारखा रेणू त्यात अंग चोरून शिरतो. हजारो कार्बनची, गुंतलेली, वितळलेली पॉलिइथिलीनची साखळी कुठून शिरणार? तिची टोकं फार तर डोकावतात. बाकीची तोडमोड कणाच्या बाहेरच्या पृष्ठभागावर होते किंवा नुसत्या उष्णतेने होते. वितळलेलं प्लॅस्टिक घट्ट, चिकट; त्यात शाई, माती, कॅल्शियम कार्बोनेटचं फिलर. अशा रश्श्यात भुकटी सोडली की तिच्यावर काळा कोक, म्हणजे कार्बनचा थर, बसायला वेळ लागत नाही.

हे नंतर सुचलेलं शहाणपण. त्या दिवशी मात्र एक काम बरोबर केलं होतं: दर अर्ध्या तासाला टाकीच्या तोंडाशी एक बाटली भरून घेतली होती. सकाळी त्या सात बाटल्या ओळीने उभ्या केल्या. पहिल्या दोन पातळ, पेट्रोलसारख्या उग्र वासाच्या. तिसरी आणि चौथी दाटसर, तरीही वाहत्या. पाचवी आडवी केली तर हळूहळू सरकली. सहावी आणि सातवी उलटी धरली तरी काही हललं नाही. एका दिवसात उत्प्रेरक कसा मेला, त्याचा आलेखच तो.

आम्ही निष्कर्ष काढला तो मात्र उलटा: उत्प्रेरक कमी पडला. दुसऱ्या बॅचला तो दुप्पट केला. झालं काय, तर सुरुवातीचा वायू प्रचंड वाढला, कारण झेडएसएम-५ची आवडच मुळी प्रोपीन, ब्युटीनसारखे छोटे तुकडे करण्याची. द्रव कमी झाला. शेवटच्या बाटल्या पुन्हा मेणाच्याच. आणि भांड्याच्या तळाशी कोळसा, माती आणि तीन किलो झिओलाइट यांचा असा काला झाला की त्यातून उत्प्रेरक वेगळा काढणं शक्यच नव्हतं. महागडा माल काळ्या राखेत गेला.

तिसरी बॅच

ही बॅच लक्षात राहण्यासारखी, कारण ती आम्ही अर्धवट थांबवली. ४१० अंशांच्या सुमाराला दाबमापकाचा काटा हलायला लागला. एरवी तो शून्यालाच टेकलेला असायचा, कारण सगळी वाट उघडी असते. काटा सावकाश वर चढत होता आणि टाकीत पडणारी धार बारीक होत होती. दोन्ही गोष्टी एकदम घडतात तेव्हा अर्थ एकच: वाट कुठेतरी बुजतेय. हीटर बंद केले, सेफ्टी व्हॉल्व्हची वाट मोकळी असल्याची खात्री केली आणि सगळ्यांना लांब उभं केलं. तापलेलं भांडं लगेच थंड होत नाही. हीटर बंद केल्यावरही काटा वीस मिनिटं चढतच राहिला. त्या वीस मिनिटांत कोणी फारसं बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी कंडेन्सरचं तोंड उघडलं. नळीत पांढरट पिवळी भुकटी ठासून बसलेली, मधे बोटभर भोक उरलेलं. एकाचं म्हणणं, उत्प्रेरक उडून आला. दुसऱ्याचं म्हणणं, अमोनियम क्लोराइड. वाद घालण्यापेक्षा तपासणं सोपं होतं. चिमूटभर भुकटी पाण्यात टाकली: विरघळली नाही, म्हणजे अमोनियम क्लोराइड नव्हे. कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात टाकली: ढवळताच नाहीशी झाली, तळाशी फक्त थोडा काळा गाळ. त्या द्रावणात आम्ल घातलं तर पांढरा साका पुन्हा खाली. झिओलाइट असं वागत नाही. हे टेरेफ्थॅलिक आम्ल, सोबत थोडं बेंझॉइक असावं. आणि ते येतं पीईटीमधून, म्हणजे पारदर्शक बाटल्या, ट्रे आणि चकचकीत पाऊचच्या बाहेरच्या थरातून.

पीईटी तेल देत नाही. त्याच्या वजनाचा एक तृतीयांश भाग ऑक्सिजन आहे. तापवलं की कार्बन मोनॉक्साइड, कार्बन डायऑक्साइड, कोळसा आणि ही आम्लं. टेरेफ्थॅलिक आम्लाला वितळण्याची सवय नाही. ते वाफ होऊन उडतं आणि थंड पृष्ठभाग दिसला की थेट घन होऊन बसतं. आमचा कंडेन्सर म्हणजे त्याला बसायला दिलेला पाटच.

इथे काम थांबवलं आणि पहिल्यांदाच माल नीट पाहिला.

ढिगात काय होतं

पोत्यावर लिहिलेलं असतं "मिश्र प्लॅस्टिक". हा शब्द फसवा आहे. आम्ही एक पोतं ताडपत्रीवर ओतलं आणि दोन दिवस हाताने निवडलं. पिशव्या आणि फिल्म सर्वांत जास्त, म्हणजे पॉलिइथिलीन. डब्यांची झाकणं, दोरे, विणलेली पोती पॉलिप्रोपिलीनची. फेसाचे तुकडे आणि पातळ कप पॉलिस्टायरीनचे. पीईटी. वायरचं आवरण, नळीचे तुकडे, कृत्रिम चामड्याची कापटं, म्हणजे पीव्हीसी. आणि बहुथरी पाऊच, ज्यांत पॉलिइथिलीन, पीईटी, कधी नायलॉन आणि ॲल्युमिनियमचा पापुद्रा असं सगळं एकमेकांना चिकटलेलं.

हाताने जे कळत नव्हतं त्याला पाण्याचा हौद. पॉलिइथिलीन आणि पॉलिप्रोपिलीन पाण्यापेक्षा हलके, तरंगतात. पॉलिस्टायरीनची घनता १.०५, फेस नसेल तर बुडतं. पण मिठाच्या संपृक्त द्रावणात वर येतं. पीईटी आणि घट्ट पीव्हीसी १.३च्या वर, दोन्हीकडे तळाला. यात एक खोच आहे. पातळ फिल्मला हवेचे बुडबुडे चिकटतात आणि बुडायला हवं ते तरंगत राहतं. पाण्यात डिटर्जंटचे चार थेंब टाकले की बुडबुडे सुटतात. ही युक्ती आम्हाला ऑपरेटरने दाखवली.

शंका उरली तर तांब्याची तार. तार ज्वाळेत लाल होईपर्यंत तापवायची, संशयित तुकड्याला टेकवायची आणि पुन्हा ज्वाळेत धरायची. ज्योत हिरवी झाली की क्लोरीन आहे. (हे धुराड्याखालीच करावं, तो धूर नाकात घेण्यासारखा नसतो.) कृत्रिम चामड्याचा तुकडा लावला तेव्हा ज्योत अशी पाचूसारखी हिरवी झाली की पहिल्या टाकीतल्या लाल लिटमसचं कोडं तिथेच सुटलं.

त्याचा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. पीव्हीसीच्या वजनाचा ५७ टक्के भाग निव्वळ क्लोरीन. ३० किलो मालात २ टक्के पीव्हीसी धरलं तर ते ६०० ग्रॅम, आणि त्यातून सुमारे ३५० ग्रॅम हायड्रोजन क्लोराइड. वायू म्हणून ते दोनशे लिटरच्या वर जातं. पाण्यात विरघळलं तर तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लाचं सुमारे एक किलो. एका बॅचला एक किलो आम्ल आम्ही स्वतःच्या पाइपातून वाहवत होतो. स्टेनलेस स्टील गंजत नाही असं मानणाऱ्यांनी क्लोराइडसमोर त्याचं काय होतं ते एकदा पाहावं: सगळं चकचकीत, आणि मधेच टाचणीच्या टोकाएवढे खोल खड्डे. आमच्या कंडेन्सरच्या खालच्या फ्लँजवर (जोडाच्या कड्यावर) ते तीन बॅचेसमध्येच दिसू लागले होते.

नुकसान लोखंडापुरतं थांबत नाही. सुटलेलं हायड्रोजन क्लोराइड साखळ्या तुटताना तेलात तयार झालेल्या, दोन कार्बनमधल्या दुहेरी बंधांना जाऊन चिकटतं आणि सेंद्रिय क्लोराइड होऊन तेलातच राहतं. मग तेल कितीही धुतलं तरी जात नाही. ते जळताना पुन्हा आम्ल होऊन बर्नर आणि चिमणी खातं. झिओलाइटच्या जाळ्यातला ॲल्युमिनियमसुद्धा ते उपटून काढतं, म्हणजे आम्लाच्या जागाच जातात. कोकने मेलेला उत्प्रेरक जाळून जिवंत करता येतो. असा मेलेला करता येत नाही.

चौथी बॅच, जी पहिली असायला हवी होती

उत्प्रेरक नाही. निवडलेला माल: पॉलिइथिलीन, पॉलिप्रोपिलीन आणि थोडं पॉलिस्टायरीन. पीईटी आणि बहुथरी पाऊच बाहेर. पीव्हीसी दिसेल तेवढं बाहेर, पण ते शंभर टक्के निघत नाही हे मान्य करून पुढचा टप्पा.

पीव्हीसी इतरांच्या आधी फुटतं, हा निसर्गाने दिलेला फायदा. त्यातलं हायड्रोजन क्लोराइड २५० ते ३५० अंशांत सुटून जातं. पॉलिइथिलीन तेव्हा वितळून नुसतं पडलेलं असतं, ते तुटायला ४००च्या पुढे जावं लागतं. म्हणून भांडं ३१० अंशांवर दीड तास थांबवायचं, नायट्रोजनची हलकी धार चालू ठेवायची, आणि त्या काळातली वाफ मुख्य कंडेन्सरकडे न सोडता वेगळ्या, आम्लाला टिकणारं अस्तर असलेल्या पाइपातून कॉस्टिकच्या स्क्रबरमध्ये न्यायची. जपानमध्ये २०००च्या आसपास उभ्या राहिलेल्या मोठ्या द्रवीकरण प्रकल्पांनी क्लोरीन काढण्याचा हाच टप्पा आधी ठेवला होता. आम्ही काही नवं शोधलं नाही, उशिरा वाचलं.

या दीड तासात ऑपरेटर स्क्रबरच्या पाण्याचा पीएच दर दहा मिनिटांनी लिहीत होता. तो उतरत गेला, मग उतरणं मंदावलं, मग थांबलं. थांबला की तापमान वाढवायचं. घड्याळापेक्षा हा इशारा भरवशाचा, कारण प्रत्येक पोत्यात पीव्हीसी वेगळं.

३० किलोतून साडेतेवीस किलो मेणट तेल, दोन किलो कोळसा-राख आणि उरलेला वायू (तो मोजला नाही, वजाबाकीने काढला). टाकीच्या तळाचं पाणी लिटमसला जवळपास तटस्थ. पाइपात पांढरी भुकटी नाही. तेल अर्थातच गोठलं, पण आता ते का गोठतं हा एकच प्रश्न हातात उरला. आधी चार प्रश्न एकमेकांत गुंतलेले होते.

मेणाचं काय करायचं

पॉलिइथिलीनची साखळी उष्णतेने कुठेही तुटते. दोरी डोळे मिटून कापावी तसं: कधी पाच कार्बनचा तुकडा, कधी पन्नासचा. पॉलिस्टायरीन वेगळं, ते बरंचसं मूळच्या स्टायरीनमध्येच उलगडतं. पॉलिप्रोपिलीनला प्रत्येक दुसऱ्या कार्बनवर फांदी, त्यामुळे ते लवकर तुटतं आणि तुकडे फांदीदार, म्हणून सहसा वाहते. गोठण्याचा गुन्हेगार पॉलिइथिलीनचा सरळ तुकडा. १६ कार्बनची सरळ साखळी १८ अंशांना वितळते, २० कार्बनची ३७ अंशांना. म्हणजे वीसच्या पुढचं जे काही टाकीत येईल ते साध्या तापमानाला मेणच.

मग ते टाकीत येऊच द्यायचं नाही. भांड्याच्या डोक्यावर मीटरभर उंचीचा, धातूच्या कड्या भरलेला खांब बसवला आणि त्याचं डोकं २५० अंशांच्या आसपास धरलं. जड वाफ तिथेच द्रव होऊन परत भांड्यात गळते आणि पुन्हा तुटते. हलकी तेवढी पुढे. हा सुधार उत्प्रेरकाविना होता, आणि माझ्या मते संपूर्ण प्रकरणात सर्वांत जास्त फायदा यानेच झाला. सहाव्या बॅचच्या सातपैकी सहा बाटल्या उलट्या केल्यावर वाहिल्या. किंमत मोजावी लागली ती वेळेची. बॅच दीडपट लांबली आणि वायू वाढला, कारण परत परत तुटणारं काही जास्तच तुटतं.

त्याच सुमाराला कंडेन्सरही दोन केले. पहिल्यात ७० अंशांचं कोमट पाणी, म्हणजे वाट चुकून आलेलं मेण भिंतीला न चिकटता खाली उतरतं. दुसऱ्यात थंड पाणी, हलक्या अंशासाठी.

आणि ओल. हे आम्ही फार हलक्यात घेतलं होतं. एक किलो पाण्याची वाफ करायला २.२६ मेगाजूल लागतात. एक किलो प्लॅस्टिक तापवून, वितळवून, तोडायला साधारण दोनच्या आसपास. म्हणजे पोत्यातलं एक किलो पाणी एक किलो प्लॅस्टिकची उष्णता पिऊन जातं आणि बदल्यात आम्लाचं वाहन बनतं. हौदात धुतलेला माल त्यानंतर आम्ही पसरून पुरता वाळवूनच घेऊ लागलो.

उत्प्रेरक परत, पण वेगळ्या खोलीत

आठव्या बॅचला उत्प्रेरक परत आणला. या वेळी खांबाच्या पुढे, वाफेच्या वाटेत, स्वतःचा हीटर असलेल्या वेगळ्या नळकांड्यात, ४२० अंशांवर. इथे येणारे रेणू आधीच छोटे झालेले असतात, माती आणि शाई मागे भांड्यात राहिलेली असते, आणि संपलेला उत्प्रेरक बाहेर काढता येतो. भुकटी नाही, तर मुटके. भुकटीतून वाफ जाताना दाब चढतो आणि दाब म्हटलं की आम्हाला तिसरी बॅच आठवायची. त्याच्या आधी चुनकळीच्या खड्यांचा एक थर, उरलंसुरलं हायड्रोजन क्लोराइड पकडून त्याचं कॅल्शियम क्लोराइड करायला. बॅच संपल्यावर ते खडे भुरभुरीत होऊन निघायचे.

झेडएसएम-५ऐवजी झिओलाइट वाय घेतला. त्याची भोकं सुमारे ७.४ अँगस्ट्रॉमची, आत आणखी मोठ्या पोकळ्या. मध्यम आकाराचे तुकडे त्याला चालतात, आणि वायूपेक्षा द्रवाकडे त्याचा कल जास्त. बदल्यात त्या पोकळ्यांत कोकही आनंदाने साचतो.

त्या बॅचला २० किलो द्रव मिळाला. चौथीपेक्षा साडेतीन किलो कमी, पण सातही बाटल्या वाहत्या. उत्प्रेरकाने द्रव वाढवला नाही, कमी केला. बदलला तो द्रवाचा दर्जा. या विषयावरच्या उत्साही बोलण्यात हा फरक नेहमी पुसला जातो. वायू वाया गेला नाही: साताठ किलो हायड्रोकार्बन वायू किलोमागे पंचेचाळीस मेगाजूलच्या हिशेबाने तीनशेच्या वर मेगाजूल देतो, आणि ३० किलो प्लॅस्टिक तोडायला कागदावर साठ लागतात. प्रत्यक्षात लोखंड तापवण्यात आणि भिंतींतून गळण्यात त्याच्या कितीतरी पट जातात, आणि दररोज थंड होऊन पुन्हा तापणाऱ्या बॅच भांड्यात तर जास्तच.

नवव्या बॅचला परिणाम उतरला, दहाव्याला सहावी-सातवी बाटली पुन्हा ढगाळ. उत्प्रेरक काळा पडला होता, तो जाळून स्वच्छ करायचा होता, आणि तिथे आम्ही शेवटची मोठी चूक केली. नळकांडं तापवून सरळ हवा सोडली. दोन मिनिटं काही नाही. मग मधल्या थर्मोकपलचा (तापमान मोजणाऱ्या तारेचा) आकडा ४८० वरून चढायला लागला तो ५५०, ६३०, ७१०... हवा बंद करेपर्यंत आठशेच्या जवळ. वरचा आणि खालचा थर्मोकपल मात्र शांत. आग मधल्या वीतभर पट्ट्यात. कोक जळताना पाणीही तयार होतं, आणि गरम वाफ झिओलाइटच्या जाळ्यातला ॲल्युमिनियम बाहेर काढते. तो पट्टा पांढराशुभ्र निघाला, दिसायला नव्यासारखा, आणि कामाला शून्य. तेव्हापासून नायट्रोजनमध्ये थोडीशीच हवा मिसळून, रात्रभर, साडेपाचशेच्या आत. तेवढं सांभाळूनही प्रत्येक पुनरुज्जीवनानंतर थोडी ताकद कमी भरतेच.

तेलाचं पुढे काय

अकराव्या बॅचचं तेल बर्नरमध्ये नीट जळलं. उद्दिष्ट तेवढंच होतं, ते साधलं.

डिझेल मात्र ते नव्हे. युरोपच्या ईएन ५९० मानकात डिझेलचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला वाफ ठिणगीने पेटते ते) ५५ अंशांच्या वर आणि गंधक किलोमागे जास्तीत जास्त १० मिलिग्रॅम लागतं. आमच्या तेलात पेट्रोलचा हलका अंश मिसळलेला, तो साध्या तापमानालाच ठिणगी पकडतो. म्हणजे उर्ध्वपातनाने हलकं-जड वेगळं करणं आलं, आणि तोवर साठवण पेट्रोलसारखीच करावी लागते. डिझेल समजून डबे हाताळणं धोक्याचं. शिवाय दुहेरी बंध. रिफायनरीत हायड्रोजन देऊन ते मिटवतात. आमच्याकडे तो दाब आणि ती यंत्रणा नव्हती.

त्याचा पुरावा कपाटात आहे. आठव्या बॅचची तिसरी बाटली भरली तेव्हा तेल फिकट पिवळं, आरपार दिसणारं होतं. सहा आठवड्यांत ते तांबूस झालं, तळाशी तपकिरी चिकट कडं धरलं. दुहेरी बंध आणि स्टायरीन हवेशी आणि एकमेकांशी जोडले जाऊन त्यांचा डिंक होतोय, म्हणजे एका अर्थाने परत प्लॅस्टिकच. त्यामुळे तेल महिन्याच्या आत जाळायचं असं ठरवलं आणि डब्यांवर तारीख लिहायला सुरुवात केली.

चंदेरी पाऊचची पोती अजून भिंतीशी उभी आहेत. त्यांचा ॲल्युमिनियम कोळशात सुटा मिळू शकतो, पण पीईटीचा थर आधी पाइप बुजवतो. चुना मिसळला तर टेरेफ्थॅलिक आम्लाचं बेंझिन होतं असं रसायन सांगतं. त्यासाठी वेगळं भांडं आणि बेंझिन हाताळण्याची तयारी हवी. ती पोती निवडून बाजूला ठेवायचं काम ऑपरेटर आता कोणाला न विचारता करतो, आणि ताडपत्रीशेजारी तांब्याची तार कायम टांगलेली असते.